थोडं जवळ सरका

“बाकी काय काढायचं ते काढ, पोरा. नवरीच्या डोक्यावरची जाळी काढ, केक काढ, फादरांचं पोट काढ. पण माझे दोन्ही मुलगे एकमेकांशेजारी उभे दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या मधे कुणी नको. आणि मी सांगितलं म्हणून नको हं! मी सांगितलं तर उभे राहतील दोघं, पण ते माझ्यासाठी उभं राहणं झालं. तू उभं कर त्यांना. त्यांना कळू न देता.”

मिसेस हेगर्टींचा हा आवाज फिंटन लॅलीच्या कानात त्या जून महिन्यात सारखा घुमत होता. दाढी करताना घुमत होता, ऑफिसात घुमत होता, रविवारी चर्चमध्ये मिसाच्या वेळी तर फादरांच्या आवाजावर चढून घुमत होता. म्हातारीने हे सांगितलं तेव्हा ती चुलीजवळच्या खुर्चीत बसून फिंटनच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या डाव्या कानाकडे बघत होती. नजर समोर रोखली की तिला मधोमध नुसतं धुकं दिसे. कडेकडेने काय दिसेल तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे धुकं वाढत जाणार आणि यावर औषध नाही. म्हणजे फोटो काढायचा तो थोरल्याच्या याच लग्नात, आणि म्हातारीला दिसेल असा.

आता फिंटनविषयी. हा काउंटीच्या रस्ते खात्यात कारकून होता. कुठल्या वळणाआधी ‘पुढे वळण आहे’ ही पाटी लावायची, ते ठरवणाऱ्या साहेबांना तो कागद पुरवी. शिवाय बॅलीकारा गावच्या कॅमेरा क्लबचा तो चिटणीस होता. जुने पूल, पडके मठ आणि राजहंस हे त्याचे विषय. माणसांचे फोटो त्याने कधी काढले नव्हते, कारण फोटो धुऊन आल्यावर पूल कधी विचारत नाही, “माझी हनुवटी खरंच अशी आहे का रे?”

पण डोनल हेगर्टी हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी चर्चमध्ये एकाच वेदीवर सेवा केली होती, एकाच धुपाटण्याच्या निखाऱ्यावर बटाटा भाजायचा प्रयत्न केला होता आणि त्याबद्दल एकाच दिवशी मार खाल्ला होता. तो डोनल आता वयाच्या पंचेचाळिशीत लग्नाला उभा राहिला. मुलगी शेजारच्या गावातली शाळामास्तरीण ब्रीडा. चांगली, हसरी, डोनलच्या दुप्पट बोलणारी. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर डोनल म्हणाला, “शहरातला फोटोग्राफर त्या दिवशी मोकळा नाही. म्हटलं, मग तूच काढ.”

त्या ‘म्हटलं, मग’ मधला ‘मग’ फिंटनला बराच लागला. घरी येऊन त्याने बायकोला, मॉराला, तो तीनदा म्हणून दाखवला. मॉरा म्हणाली, “पण तू हो म्हणालास ना?”

“म्हणालो.”

“मग झालं तर.”

हाही ‘मग’ त्याला लागलाच.

डोनलचा धाकटा भाऊ ओवेन. आईबरोबर जुन्या घरात तो राही. डोनलने दूध डेअरीत नोकरी धरून रस्त्याच्या खालच्या अंगाला नवं घर बांधलं होतं आणि हौसेखातर थोड्या गायीही पाळल्या होत्या. वडील वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावरचा दगड काळा हवा की करडा, यावरून दोघांचं वाजलं. एक म्हणाला, काळा जास्त शोभतो. दुसरा म्हणाला, बाबांना चकचकीत काही आवडत नसे. दोघंही बापाच्या मायेनेच भांडत होते, म्हणून कुणी मागे हटेना. परिणामी वडिलांच्या डोक्याशी अजूनही दफनाच्या दिवशीचा लाकडी क्रूसच उभा होता, आणि भाऊ बोलायचे बंद झाले होते. एकाच टेबलावर बसले तरी ओवेन म्हणे, “आई, त्याला सांग, लोणी माझ्याकडे आहे.” डोनल म्हणे, “आई, त्याला सांग, मला दिसतंय.” म्हातारी बिचारी मधे बसून लोणी इकडून तिकडे सरकवी.

फिंटनने कामाला सुरुवात केली ती परवानगीपासून. चर्चच्या कचेरीत मिस क्युसॅक बसत. आवाज इतका मऊ की नकारसुद्धा आशीर्वादासारखा वाटे.

“फोटो अवश्य काढा हो, मिस्टर लॅली. फक्त वेदीच्या कठड्याच्या आत यायचं नाही.”

“बरं.”

“दिव्याचा झोत पाडायचा नाही. बाकावर चढायचं नाही. अर्पणविधी चालू असताना हलायचं नाही. मधल्या वाटेत उभं राहायचं नाही. करकरणारे बूट नकोत. मागच्या लग्नात बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी बाप्तिस्म्याच्या कुंडावर पाय दिला होता.”

“मग मी उभं कुठे राहू?”

मिस क्युसॅकनी बराच विचार केला. “खांबामागे जागा आहे,” त्या म्हणाल्या. “तिथून संत अँथनी फार छान दिसतात.”

फादर टियर्नींकडे दाद मागितली, तर ते म्हणाले, “फिंटन, अरे, त्या बाईंशी मी स्वतः वाद घालत नाही. तू सुखी संसारी माणूस, तू कशाला घालतोस?”

म्हणजे आतले फोटो गेले. सगळी मदार बाहेरच्या फोटोंवर. आणि इथेच फिंटनच्या हातून ती चूक झाली. कुंपणापलीकडच्या मिसेस टूमी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सहज म्हटलं, “लग्नाला छान ऊन पडू दे रे देवा. तुझे फोटो कसे खुलतील!”

फिंटनला आपलं ज्ञान पाजळायचा मोह झाला. तो म्हणाला, “नाही हो मिसेस टूमी. ऊन नको. कडक उन्हात माणसं डोळे मिटतात, नाकाची सावली ओठावर पडते. फोटोला खरं म्हणजे ढगाळ हवं. मी तर ढग यावेत म्हणूनच प्रार्थना करतोय.”

मिसेस टूमींच्या हातातली उशीची खोळ खाली पडली.

“येशू, मेरी आणि जोसेफ! लग्नाच्या दिवशी ढग? अरे, या सदा पावसाच्या देशात जन्माला येऊन तू देवाकडे ढग मागतोस?”

दुपारपर्यंत ही बातमी खाटकाच्या दुकानात पोचली, संध्याकाळपर्यंत पोस्टात. पोस्टमास्तरीणबाई तिकीट चाटता चाटता म्हणाल्या, “आमचं काही चुकलं असेल तर सांगा, मिस्टर लॅली, पण मुलीचं आयुष्य आहे.” नवरीच्या आईने निरोप पाठवला की फोटो नाही आले तरी चालतील, पण कृपा करून प्रार्थना थांबवा. ऑफिसात साहेबांनी चहाच्या वेळी विचारलं, “काय लॅली, पूर वगैरे मागणार नाही ना? पूल आपल्याच खात्यात येतात.” फिंटनने चहा तसाच ठेवला. माणसाने शास्त्रशुद्ध बोलावं आणि गावाने त्याला पाखंडी ठरवावं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

आता बॅलीकाऱ्यातली रीत अशी की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या घरचे प्रागच्या बाळयेशूची मूर्ती, ती मुकुट आणि लाल झग्यातली, अंगणातल्या झुडपाखाली ठेवतात. बाळ रात्रभर उघड्यावर राहिलं की आकाशातल्या बापाला दया येते आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. लग्नाला एक मूर्ती पुरते. पण या खेपेस प्रश्न वेगळा होता. एका घरातून ऊन आणि दुसऱ्या घरातून ढग, अशा उलटसुलट मागण्या वर पोचल्या तर कुठली मंजूर व्हायची? कुणी कुणाशी काही ठरवलं नाही. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी फिंटन पाय मोकळे करायला निघाला, तर पोस्टाच्या गुलाबाखाली बाळयेशू. खाटकाच्या दाराशी कुंडीत बाळयेशू. मिसेस टूमींच्या कुंपणात तर त्यांचा तो गावभर नाव असलेला बाळयेशू. त्याची मान आपोआप तुटून दोनदा चिकटवलेली, आणि आपोआप मान तुटलेली मूर्ती सर्वांत गुणकारी. चर्चच्या कचेरीबाहेरही एक होता. मिस क्युसॅकनी त्याच्या पायाखाली स्वच्छ रुमाल अंथरला होता. पुढे मोजायचं त्याने सोडून दिलं.

घरी आला तर स्वतःच्या फुशियाच्या झुडपात लाल झगा.

“मॉरा! तू सुद्धा?”

“मी काही तुझ्या विरुद्ध ठेवला नाही,” मॉरा शांतपणे म्हणाली. “ब्रीडासाठी ठेवलाय.”

फिंटन बराच वेळ मूर्तीसमोर उभा राहिला. तो श्रद्धाळू माणूस होता. ठेवलेला बाळयेशू उचलून आत नेणं त्याच्याने होणार नव्हतं. शेवटी त्याने वाकून मूर्ती हळूच थोडी सरकवली, अर्धी उघड्यावर, अर्धी वळचणीखाली.

“हे काय?”

“थोडं ऊन, थोडे ढग. मध्यम काहीतरी.”

मॉरा हसली नाही. पदन्यास चुकलेल्या मुलाचा हात धरावा तशी तिने मूर्ती पुन्हा उघड्यावर आणली आणि म्हणाली, “मागायचं तर सरळ माग, फिंटन. देवाला अटी घालू नयेत. तो देईल त्यातून तुला काय काढता येतं ते बघ.”

शनिवारी जे ऊन पडलं तसं बॅलीकाऱ्यात कुणाच्या आठवणीत नव्हतं. सकाळीच रस्त्यावरचं डांबर मऊ झालं. फिंटनच्या खात्यातली दोन माणसं वाळू टाकायला धावली. चर्चमध्ये त्याने खांबामागून संत अँथनींचे उत्तम फोटो घेतले. एकात डोनलचं कोपरसुद्धा आलं. मग वऱ्हाड नदीकाठच्या हॉटेलच्या हिरवळीवर जमलं. पुस्तकातला नियम होता, सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा. फिंटनने नियम पाळला. परिणामी सगळं वऱ्हाड सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं आणि एकजात सगळ्यांनी डोळे मिटले. मिसेस टूमी मिटल्या डोळ्यांनी आनंदाने म्हणाल्या, “बघ! कसं ऊन पडलंय!”

डोनल रांगेच्या या टोकाला, ओवेन त्या टोकाला.

“थोडं जवळ सरका!” फिंटन ओरडला.

सगळे मधे सरकले. पण दोन्ही टोकं टोकंच राहिली. नुसती रांग दाटली आणि फादर टियर्नी श्वास रोखून उभे राहिले.

“आता उंचीप्रमाणे!” फिंटनने नवा डाव टाकला. भाऊ एकाच उंचीचे, तेव्हा शेजारीच यायला हवेत. आले. क्षणभर खरोखरच आले! फिंटनने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात दोघांच्या मधे एक मोठी जांभळी टोपी उगवली. हेगर्टींची नॅनआत्या.

“आत्या, तुम्ही पुढे बसा ना. तुमची उंची...”

“माझ्या उंचीला काय झालं? दोन भाच्यांच्या मधे उभी राहीन नाही तर घरी जाईन. आणि मी मधे असलेलीच बरी, तुला ठाऊक नाही का?” शेवटचं वाक्य ती कुजबुजली, पण नॅनआत्याची कुजबुज हॉटेलच्या स्वयंपाकघरापर्यंत जाई. दोन्ही भावांचे कान लाल झाले. ओवेन सिगारेट ओढायला म्हणून निघून गेला.

“माणसांना पाटीसारखं रोवता येत नाही, लॅली,” साहेब गर्दीतून म्हणाले. पुष्कळजण हसले. फिंटनही हसला. हसताना घाम डोळ्यात गेला आणि पुढचे दोन फोटो त्याने भिंगाचं झाकण न काढता घेतले.

जेवणं झाली, हॅम, बटाटे, पुन्हा वेगळ्या प्रकारचे बटाटे. भाषणं झाली. नवरदेवाचा करवला, चुलतभाऊ मार्टिन, भाषण करता करता ऊन लागून आडवा झाला. त्याला जिन्याखालच्या सावलीत झोपवून डोक्यावर ओला नॅपकिन ठेवला. “गायी...” एवढंच तो बरळत होता. मग शेवटचा फोटो म्हणून फिंटनने सगळ्यांना पुन्हा हिरवळीवर बोलावलं. फिल्ममध्ये थोडेच फोटो उरले होते. मिसेस हेगर्टींना मधोमध खुर्चीत बसवलं. ओवेन आला, पण लांब भिंतीशी उभा राहिला.

फिंटनने कुणालाच काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं उरलं नव्हतं. म्हातारीने आयुष्यात त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्याच्याने होत नव्हती. मागची रांग वाकडी दिसत होती, म्हणून तो सगळ्यांना वळसा घालून मागे गेला आणि उगाचच एकेकाचे खांदे सरळ करू लागला.

तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला. “मला काही दिसत नाहीये.” आवाज मोठा नव्हता, पण त्यात भीती होती. “सगळं पांढरं झालंय. डोनल? कुठे आहात रे तुम्ही?”

त्या दुबळ्या डोळ्यांवर सूर्य सरळ येत होता. तिने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपडू लागली.

डोनल एका बाजूने धावला, भिंतीपासून ओवेन दुसऱ्या बाजूने. दोघंही तिच्यासमोर सूर्य अडवून उभे राहिले. पण उन्हाची तिरीप दोघांच्या मधल्या फटीतून बरोबर तिच्या डोळ्यांवर येत होती. डोनल अर्धं पाऊल सरकला. ओवेन अर्धं पाऊल सरकला. खांद्याला खांदा लागला तेव्हा फट बुजली. डोनलने अंगातला लग्नाचा कोट काढून वर धरला. कोट एका बाजूला लोंबला, तशी ती बाजू ओवेनने धरली.

ओवेनचे ओठ हलले. डोनलचे हलले. आई खाली त्या सावलीत तोंड वर करून बसली होती.

फिंटन तिच्या पाठीमागे उभा होता, म्हणजे दोघं भाऊ त्याच्याकडे तोंड करून होते. शेजारी शेजारी, मधे कुणी नाही. मागे सगळा पेटलेला सूर्य. पुस्तकात जाड अक्षरांत छापलं होतं की सूर्य कधीही भिंगासमोर घेऊ नये. त्याने घेतला. एक फोटो, मग दुसरा, आणि फिल्म संपली.

मग नॅनआत्या छत्री घेऊन आली. भावांनी हात खाली केले. डोनल कोट घालून ब्रीडाकडे गेला. ओवेन भिंतीशी गेला. कुणी मिठी मारली नाही, कुणी रडलं नाही. बॅन्ड सुरू झाला.

नवरानवरी गाडीत बसून गेली. फिंटनने म्हातारीला खुर्चीसकट सफरचंदाच्या झाडाखाली हलवलं आणि स्वतः गवतात बसला.

“मिसेस हेगर्टी, फोटो घेतला. पण सूर्य समोर होता. दोघं काळे येतील. नुसत्या दोन काळ्या सावल्या. तोंडं दिसायची नाहीत.”

“कान दिसतील?”

“कान... हो, कडा दिसतील.”

“मग झालं. तोंडं मला तशीही दिसत नाहीत, पोरा. हेगर्टींचे कान मी अंधारातसुद्धा ओळखते.” तिने विचारलं, “कुणी सांगितलं होतं त्यांना?”

“कुणीच नाही. ऊन पडलं म्हणून.”

“हं. टूमीबाईचा बाळयेशू चांगलाच आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “वर काय बोलले ऐकलंस?”

“नाही.”

“ओवेन म्हणाला, ‘तुझी बाजू वर धर.’ डोनल म्हणाला, ‘धरलीय.’ मग डोनल म्हणाला, ‘मार्टिन उठत नाही. गायींची धार कोण काढणार?’ ओवेन आधी काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता म्हणतोय, आई, त्याला सांग. पण मग तो म्हणाला, ‘मी काढतो. तू येईपर्यंत.’”

आत सगळे नाचत होते. नॅनआत्या फादरांना ओढून मधे नेत होती. हिरवळीवर सावल्या लांबल्या होत्या. म्हातारीने फिंटनची बाही चाचपून धरली.

“धारेची वेळ झालीय,” ती म्हणाली. “बघ बरं. कुठे आहे तो?”

फिंटनने मान वळवली. ओवेन दाराशी केकची बशी घेऊन उभा होता. त्याने बशी खिडकीत ठेवली. कुणी बघत नाही ना, असं एकदा पाहिलं. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर अडकवला, बाह्या वर दुमडल्या, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने फिरून रस्त्यावर आला.

“निघाला,” फिंटन म्हणाला.

“कुठे वळला? घराकडे?”

“नाही. खालच्या रस्त्याला. डोनलच्या घराकडे.”

“बूट कुठले आहेत रे पायात?”

“लग्नाचेच. नवे.”

“शेणात खराब होतील की.”

“हाक मारू का?”

“छे! गप्प बस,” म्हातारी म्हणाली, आणि ज्या दिशेने तो गेला असेल त्या दिशेला कान करून बसली.